पाठीवरची होडी : ऑकलंडमधले सतरा दिवस

पहिला दिवस, गुरुवार

ऑकलंडला उतरल्यावर घड्याळ साडेसात तास पुढे केलं. फेब्रुवारी म्हणजे इथला ऐन उन्हाळा, पण वारा गार. धाकटी बहीण आणि भाची घ्यायला आल्या होत्या. मेतकूट, लोणचं, गोडा मसाला सगळं फॉर्मवर लिहून दिलं होतं, त्यामुळे तपासणीत वेळ गेला, पण सुटले. घर पापाटोएटोएला, शहराच्या दक्षिणेला. रस्त्यावर पंजाबी किराणा, गुजराती मिठाईचं दुकान आणि त्यांच्या मधोमध सामोअन चर्च. सामोआ म्हणजे पॅसिफिक महासागरातली बेटं.

बहीण परिचारिका आहे. तिच्या वॉर्डातली एक सामोअन मैत्रीण भाचीची ‘सामोआमावशी’ झालेली आहे, म्हणून मीही तिला तेच म्हणते. तिच्या भाच्याचा पेआ, म्हणजे पारंपरिक गोंदण, सोमवारी सुरू होणार आहे आणि पाहायला मला बोलावलंय. माझ्या आजीच्या हातावरच्या गोंदणाचा फोटो बहिणीने तिला कधीतरी दाखवला होता, तेव्हापासूनचं हे आमंत्रण. अटी तीन : फोटो काढायचे नाहीत, बसल्यावर पाय पसरायचे नाहीत, मधेच उठून जायचं नाही.

पेआ म्हणजे सामोअन पुरुषाचं कमरेपासून गुडघ्यापर्यंतचं गोंदण. बाईचं ते मालू, मांड्यांपासून गुडघ्याच्या जरा खालपर्यंत. दोन्हींना मिळून ताताऊ म्हणतात. आज झोप अनावर आहे, एवढंच लिहिते.

दुसरा दिवस, शुक्रवार

ऑकलंड डोमेनच्या टेकडीवरच्या वॉर मेमोरियल म्युझियममध्ये गेले. तळमजल्यावर पॅसिफिकची दालनं आहेत. होड्या, चटया, झाडाच्या सालीचं कापड, आणि एका काचेमागे गोंदायच्या फण्या. लाकडी दांडा आणि त्याला काटकोनात बसवलेली दातेरी पट्टी. पूर्वी दाते रानडुकराच्या सुळ्याचे किंवा हाडाचे करत आणि दाते व दांडा यांच्यामध्ये कासवाच्या पाठीचा तुकडा असे. टोंगामधल्या एका उत्खननात सापडलेल्या अशा चार फण्या सुमारे २७०० वर्षांपूर्वीच्या निघाल्या. म्हणजे आजच्या अवजाराचा आकार तेव्हाच ठरलेला होता.

सगळ्या जगाने ‘टॅटू’ हा शब्द इथूनच उचलला. १७६९ मध्ये कॅप्टन कुकचं जहाज ताहितीला लागलं, त्यावरच्या जोसेफ बँक्सने लोकांच्या अंगावरची नक्षी टिपून ठेवली, आणि ‘ताताऊ’ युरोपात जाऊन टॅटू झाला. पुढच्या पन्नास वर्षांत मिशनरी आले आणि १८१९ च्या ताहितीच्या कायद्याने गोंदणच बंद केलं. टोंगात ते विझलं, मार्केसास बेटांवरही जवळजवळ संपलं. सामोआतही लंडन मिशनरी सोसायटीने १८३० पासून विरोध केलाच. पण तिथे ही विद्या पिढीजात होती, सा सुआ आणि सा तुलोउएना या दोन घराण्यांच्या हातात, आणि त्यांनी हातोडी खाली ठेवली नाही. इतर बेटांना जे पुन्हा शोधून काढावं लागलं, ते सामोआत न तुटता चालत आलं.

दुपारी पॉन्सनबीत भटकले. लाकडी घरं, पांढरे कठडे, महागडी कॉफी. १९५० ते ७० च्या दशकांत याच गल्ल्यांमध्ये सामोअन, टोंगन, नियुएन कुटुंबं दाटीवाटीने राहत होती. कारखान्यांना माणसं हवी होती म्हणून त्यांना बोलावून आणलं होतं. मग मंदी आली, आणि १९७४ पासून पहाटे दारं ठोठावायला पोलीस येऊ लागले : कागद दाखवा, मुदत संपलीय, चला. ‘डॉन रेड्स’, पहाटेचे छापे, हे नाव तेव्हाचं. मुदत संपूनही राहिलेल्यांमध्ये पॅसिफिक बेटांवरचे लोक साधारण एक तृतीयांश होते. पण १९८५-८६ चे आकडे पाहिले तर खटले भरले गेलेल्यांत तेच ८६ टक्के. ब्रिटिश आणि अमेरिकन लोकही मुदत संपल्यावर राहतच होते. त्यांची दारं कोणी ठोठावली नाहीत.

याच गल्ल्यांमधल्या मुलांनी १६ जून १९७१ रोजी पॉलिनेशियन पँथर्स ही संघटना काढली. पन्नास वर्षांनी, १ ऑगस्ट २०२१ ला, पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी ऑकलंड टाउन हॉलमध्ये जाहीर माफी मागितली. त्या आधी इफोंगा झाला. अपराधी माणूस बारीक विणलेली चटई डोक्यावरून पांघरून बसतो, आणि ज्यांचा अपराध केला त्यांनी ती उचलली तर क्षमा झाली असं समजायचं. देशाची पंतप्रधान चटईखाली बसली होती. मी कठड्याशी बराच वेळ उभी राहिले. आज त्या गल्लीत सामोअन भाषा कानावर पडली नाही. घरं महाग झाली आणि माणसं दक्षिणेला ओटारा, मांगेरेकडे सरकली.

तिसरा दिवस, शनिवार

ओटाराचा बाजार पहाटेच भरतो. मोटारी लावायच्या मैदानात तंबू, आणि तंबूंमध्ये माझ्या ओळखीचं सगळं : अळकुड्यांचे ढीग, नारळ, कच्ची केळी आणि अळूच्या पानांच्या जुड्या. मी एक पान उलटं करून देठ पाहिला, आई बघते तसा. विकणाऱ्या बाईने विचारलं, काय करणार याचं? वडी, म्हटलं. ती म्हणाली, आम्ही नारळाचं दूध भरून भाजतो, पालुसामी. कच्चं राहिलं तर घसा खाजतो, हे दोघींनी एकदमच खुणेने सांगितलं.

सामोआमावशीकडून उच्चार घोटून घेतले. सामोअनमध्ये इंग्रजी ‘जी’ लिहितात, पण म्हणायचा ङ. त्यामुळे गोंदणाऱ्याचं ‘तुफुगा’ बोलताना तुफुंगा होतं. इथल्या पाहुण्यांची जीभ इथे अडते म्हणे. मी वाङ्मय, वाङ्मय असं दोनदा म्हणून दाखवलं आणि मग तुफुंगा म्हटलं. तिने टाळी दिली. कधी नव्हे तो तो ङ उपयोगी पडला!

चौथा दिवस, रविवार

चर्चमध्ये पांढऱ्या कपड्यांची रांग, बायकांच्या डोक्यावर विणलेल्या टोप्या. गाणं चार सुरांत उठतं आणि त्याला वाद्याची गरज भासत नाही. उपासना सामोअनमध्ये. माझ्या शेजारी बसलेली मुलं ओळी पाठ म्हणत होती, पण आपसात इंग्रजीत बोलत होती.

नंतर तोओनाई, म्हणजे रविवारचं मोठं जेवण. ज्याचा पेआ होणार आहे तो पोरगा इथे भेटला. चोवीस वर्षांचा, वीजकाम करतो, जन्म इथलाच. आधी वडीलधारे जेवतात, तरुण वाढतात आणि मग उरलेलं स्वतः घेतात. पोरगा पाणी, टॉवेल, ताटं घेऊन सारखा फिरत होता. आजोबा बोलले की त्याला समजत होतं, उत्तर मात्र तो इंग्रजीत देत होता, खाली मान घालून. माझी भाची माझ्याशी अगदी असंच बोलते. मी विचारते मराठीत, ती सांगते इंग्रजीत, आणि दोघींनाही काही अडत नाही असं आम्ही धरून चालतो.

आजोबांचा जन्म १९४० चा, उपोलू बेटावरचा. तेव्हा सामोआवर न्यूझीलंडचा अंमल होता. १९१४ मध्ये जर्मनांकडून बेटं घेतली. १९१८ मध्ये टालुने नावाची बोट तापाचे रोगी घेऊन राजधानी आपियाला लागली, तिला कोणी अडवलं नाही, आणि सुमारे साडेआठ हजार माणसं, म्हणजे पाचातलं एक माणूस, इन्फ्लुएन्झाने गेलं. २८ डिसेंबर १९२९ ला शांततेने चाललेल्या माऊ या स्वातंत्र्य चळवळीच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि तिचे नेते तुपुआ तामासेसे लेआलोफी तिसरे मारले गेले. १ जानेवारी १९६२ ला सामोआ स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षी आजोबा इथे कारखान्यात आले.

त्यांच्याकडे पेआ नाही. हे मला अनपेक्षित होतं. ‘पाळी सुटायच्या आत पाठ मोडून घ्यायची की पगार घ्यायचा?’ असं ते सामोअनमध्ये म्हणाले आणि सामोआमावशीने अर्थ करून सांगितला. १९७६ मध्ये त्यांच्या थोरल्या भावाला परत पाठवलं गेलं. १९८२ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सर्वांत वरच्या न्यायालयाने, निकाल दिला की १९२४ ते १९४८ दरम्यान सामोआत जन्मलेले लोक न्यूझीलंडचे नागरिकच आहेत. काही आठवड्यांतच इथल्या संसदेने कायदा करून तो हक्क काढून घेतला. जे तेव्हा न्यूझीलंडमध्ये होते त्यांना मिळालं, परत गेलेल्यांचं गेलं. २०२४ च्या नोव्हेंबरात तो हक्क परत देणारा कायदा झाला. थोरला भाऊ तोवर वारला होता.

जेवणानंतर घरात फक्त बायका उरल्या तेव्हा सामोआमावशीने तिचा मालू दाखवला. एरवी तो झाकलेला असतो, नाचातच काय तो दिसायचा. गुडघ्यामागे एक चौकट, शंकरपाळ्यासारखी. तिचंच नाव मालू, आणि साऱ्या गोंदणाला नाव तिच्यावरून पडलं. मालू म्हणजे आसरा, आडोसा. तिने तो चव्वेचाळिसाव्या वर्षी घेतला, आई गेल्यावर. ‘आता घरात आसरा देणारी मीच,’ म्हणाली.

पाचवा दिवस, सोमवार

सकाळी आठला मांगेरेत पोचलो. बहीण रजा टाकून आली होती. घरामागचं गॅरेज धुऊन त्यात चटया अंथरल्या होत्या. इथे गॅरेजमध्ये गाडी क्वचितच असते. बारसं, प्रार्थना, मयत, सगळं तिथेच होतं. आम्ही लावालावा गुंडाळून (लुंगीच ती) भिंतीशी मांडी घालून बसलो.

तुफुंगा पन्नाशीचे. त्यांच्यासोबत तीन मदतनीस, कातडी ताणून धरायला. बहिणीचं लक्ष पहिल्यांदा गेलं ते उशांवर गुंडाळलेल्या प्लास्टिककडे, हातमोज्यांकडे आणि निर्जंतुक केलेल्या पाकिटांकडे. मग तिचे खांदे सैल पडले. आता दाते पोलादाचे असतात आणि कासवाच्या जागी ॲक्रिलिक, म्हणजे निर्जंतुक करता येतात. पूर्वी जंतुसंसर्गाने माणसं दगावली आहेत. इथल्या आरोग्य खात्याने पारंपरिक गोंदणासाठी वेगळी नियमावलीच केली आहे. हाडाचे दाते गेले म्हणून परंपरा बाटली असं मला वाटलं नाही. हात तोच आहे.

प्रार्थना झाली. पोरगा पालथा झोपला. तुफुंगांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ नुसते पाहत राहिले. पेआ पाठीवर किती वर चढणार, ती रेघ आधी ठरते. एकदा ठरली की बाकी सगळं तिच्यावरून मोजायचं. कागद नाही, छाप नाही. दोन खुणा, बस्स.

मग फणी शाईत बुडवली. शाई पूर्वी जंगली अक्रोडाच्या, तिथल्या लामाच्या, काजळीची करत. एका हातात फणी, दुसऱ्यात हातभर लांबीची काठी. फणीचे दाते कातडीवर टेकले आणि काठी दांड्यावर पडली.

टक् टक् टक् टक्.

आवाज हलका आहे, दारावर बोटाने वाजवावं तसा. पण इतका जलद की एक टोला दुसऱ्यापासून वेगळा करता येत नाही. प्रत्येक टोल्याला दाते आत जातात आणि बाहेर येतात. चार-पाच टोल्यांनी फणी तिच्याच रुंदीएवढी सरकते. मदतनीसांचे हात त्याच वेळी सरकतात, एकमेकांकडे न बघता, आणि कातडी ढोलाच्या पानासारखी ताठ राहते. एक जण ओल्या फडक्याने रक्त आणि शाई टिपतो आणि खाली रेघ दिसते. सरळ, धारदार. पट्टी लावूनही मला इतकी सरळ रेघ मारता आली नसती.

पोरगा ओरडला नाही. त्याच्या पायाची बोटं तेवढी आत वळत होती आणि सुटत होती. डोक्याशी त्याची आई बसली होती, त्याचं कपाळ मांडीवर घेऊन. सामोआमावशी आणि इतर बायका गात होत्या. त्या गाण्याचा अर्थ तिने नंतर सांगितला. बाई वाढते आणि बाळंत होते, पुरुष वाढतो आणि गोंदून घेतो. आणि पुढे : गळ्यातली माळ तुटेल, दोरा तुटेल, पण हे तुझं लेणं तुटणार नाही, ते कबरीपर्यंत तुझ्याबरोबर येईल.

हे ऐकून मला राहवेना. माझ्या आजीच्या मनगटावर तुळस होती आणि हनुवटीवर एक ठिपका. ती म्हणायची, दागिने चोर नेतील, लेकी-सुना वाटून घेतील, वर जाताना बरोबर येतं ते गोंदणच. सामोआ आणि सातारा यांच्यात इतका समुद्र आहे. तरी सुईखाली बसलेल्या माणसाला धीर द्यायला दोन्हीकडच्या बायकांना एकच गोष्ट सुचली.

पहिल्या दिवशी पाठीवर उमटली ती वाआ, म्हणजे होडी. कंबरेच्या वर, एका बरगडीकडून दुसरीकडे जाणारी काळी पट्टी, दोन्ही टोकं वर वळलेली. पेआची सुरुवात होडीपासून होते. तिच्या खाली मग आसो येतात, छपराचे वासे. म्हणजे माणसाच्या अंगावर आधी होडी आणि मग घर. बारीक खुणांची नावंही अशीच रोजच्या जगण्यातली : गोम, जेलीफिश, गोगो पक्षी, लाकडी उशीचे पाय. पेआ या शब्दाचा दुसरा अर्थ वटवाघूळ, आणि पेआ झालेला माणूस उभा राहिला की पंख मिटून बसलेलं वटवाघूळ खरंच दिसतं.

पाच तासांनी थांबले. पोरगा उठला तेव्हा चेहरा राखेच्या रंगाचा होता. थंड पाण्याखाली उभं करून त्याच्या मामाने दोन्ही हातांनी जखमा दाबून, चोळून काढल्या, आतलं रक्त आणि पाणी निघून जावं म्हणून. तेव्हा मात्र तो ओरडला. सामोआमावशी म्हणाली, ठोकण्यापेक्षा हेच जास्त दुखतं. इथून पेआ पुरा होईपर्यंत त्याला एकटं सोडायचं नाही. रात्री शेजारी कोणीतरी जागायचं.

पूर्वी दोघांना जोडीने गोंदत, म्हणजे वेदनेला सोबती असे. याच्याबरोबर कोणी नव्हतं. जाताना मामा म्हणाला, अर्ध्यात सोडलं तर त्याला पेआ मुतू म्हणतात, तुटलेला पेआ. ती लाज एकट्याची नसते, घरादाराची असते. म्हणून सुरुवात करण्याआधी घर विचारतं : तुला झेपेल का, आणि आम्हाला झेपेल का? तुफुंगांना चटया, अन्न, पैसे द्यायचे, त्यांच्या माणसांना रोज जेवू घालायचं. सगळा गोतावळा कामाला लागतो.

सहावा ते आठवा दिवस

मंगळवारी पाऊस. बुधवारी समुद्र पाहिला. गुरुवारी भाचीच्या शाळेत गेले. लिहिण्यासारखं फारसं नाही. गॅरेजमधला आवाज मात्र कानातून जात नव्हता.

नववा दिवस, शुक्रवार

आज बोलणं झालं, खरं बोलणं. पोरग्याला एक दिवस विश्रांती होती, कुशीवर झोपून होता. नक्षी आता बरगड्यांपर्यंत पोचली आहे आणि मांड्या काळ्या झाल्या आहेत. खोलीत त्याची आतेबहीण होती, विद्यापीठात कायदा शिकते. मामा होता, सामोआमावशी होती.

पोरग्यानेच विषय काढला. म्हणाला, मला नीट सामोअन बोलता येत नाही. उद्या कोणी थोरल्याने समारंभात मला उभं केलं, सोंगाइमिती आहेस ना, बोल, तर मी काय बोलू? सोंगाइमिती म्हणजे पेआधारी पुरुष. थोरांच्या समोर सेवेला उभं राहायचं आणि गरज पडल्यास घराच्या वतीने बोलायचं, हे त्याचं काम.

मामाचं मत पक्कं : आधी सेवा, आधी भाषा, मग पेआ. सामोअन म्हण आहे, अधिकाराकडे जाणारी वाट सेवेतून जाते. ताउतुआ, सेवा, ही त्यांची किल्ली आहे. आतेबहीण उसळली. तिचं म्हणणं, २०२३ च्या जनगणनेत न्यूझीलंडमध्ये २,१३,००० हून जास्त सामोअन मोजले गेले, म्हणजे खुद्द सामोआ देशात आहेत तितकेच किंवा थोडे अधिक. त्यांतल्या कितीतरी जणांना भाषा येत नाही, कारण आजी-आजोबांना शाळेत आणि कारखान्यात तिची लाज वाटायला लावली गेली. मग त्यांनी अंगावर काही घ्यायचंच नाही का?

मग विषय कोणाला देता येतो यावर गेला. ऑकलंडमध्ये राहून काम करणारे सुआ सुलुआपे पाउलो दुसरे यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस पाकेहा (म्हणजे गोरे न्यूझीलंडर) चित्रकार टोनी फोमिसन यांना पेआ दिला. पुढे सुलुआपे घराण्याने युरोपातल्या गोंदणाऱ्यांनाही विद्या दिली. पाउलो १९९९ मध्ये गेले, वाद अजून जिवंत आहे. सामोआमावशी म्हणाली, ज्याने पूर्ण सहन केलं आणि नंतर घरची जबाबदारी घेतली, त्याचा रंग मी बघणार नाही. आतेबहीण म्हणाली, बघायला हवा, कारण २०१३ मध्ये एका मोठ्या कंपनीने पेआची नक्षी बायकांच्या लेगिंगवर छापून विकायला काढली होती, पुरुषांचं गोंदण, कोणाला न विचारता. ती कंपनी म्हणजे नाइकी. ओरड झाल्यावर त्यांनी माल मागे घेतला. कापडावर छापलेल्या पेआसाठी कोणी रात्रभर जागलेलं नसतं, ही तिची ओळ मी वहीत उतरून घेतली.

मला विचारलं, तुझं काय मत? मी पाहुणी, तरी सांगितलं. मला मामाचं म्हणणं आधी पटलं होतं. सोमवारनंतर पटत नाही. गोंदून घेतल्याने भाषा येत नाही हे खरं. पण घेतल्यावर ती टाळता येत नाही. या मुलाच्या अंगावर प्रमाणपत्र चढत नाहीये, कर्ज चढतंय, आणि ते फेडायला त्याला आयुष्यभर घरी यावं लागणार. पोरगा छताकडे बघत ऐकत होता. मामा काही बोलला नाही, पण रात्री त्याने पोराच्या उशाशी बसून सामोअनमध्ये भाषणाची सुरुवात कशी करायची ते घोकून घेतलं, असं नंतर कळलं.

दहावा दिवस, शनिवार

मांडीची आतली बाजू. सर्वांत अवघड, असं मदतनीस म्हणाला. मी तासभर बसले. सामोआमावशीने गाण्याऐवजी मूळ कथा सांगितली. तायमा आणि तिलाफाइंगा या जुळ्या बहिणी फिजीहून गोंदणाची टोपली घेऊन पोहत निघाल्या. तोंडी गाणं : बायकांना गोंदा, पुरुषांना नको. सामोआच्या किनाऱ्याजवळ शिंपला दिसला म्हणून बुडी मारली. वर आल्या तर गाणं उलटं झालेलं : पुरुषांना गोंदा, बायकांना नको. पोरगा दात आवळून म्हणाला, ‘त्यांनी बुडी मारली नसती तर बरं झालं असतं.’ तुफुंगांसकट सगळे हसले आणि टोले दोन क्षण थांबले.

तेरावा दिवस, मंगळवार

आज टीव्हीच्या बातम्यांत हनुवटीवर मोको काउआए, म्हणजे गोंदण, असलेली माओरी बाई दिसली. माओरी म्हणजे इथले मूळ रहिवासी. २०२१ मध्ये ओरिनी काइपारा यांनी अशी हनुवटी घेऊन मुख्य वेळच्या बातम्या वाचल्या, तेव्हा ती पहिली वेळ होती. माओरींचं मोको हे ताताऊचं भावंड, पण वेगळं. त्यात पूर्वापार उही नावाच्या छिन्नीने कातडीत चर पाडत. मी भाचीला आजीच्या हनुवटीवरच्या ठिपक्याबद्दल सांगितलं. तिने विचारलं, ‘पणजीला कोणी गोंदलं? तिला विचारलं होतं का?’ मराठीत विचारलं तिने. मला उत्तर माहीत नव्हतं. आजीचं लग्न तेराव्या वर्षी झालं, आणि तुळस त्याआधीची. तिला कोणी विचारलं असेल असं मला वाटत नाही. हे मी भाचीला तसंच सांगितलं.

सतरावा दिवस, शनिवार

शेवटचं काम बेंबीवर. तिथली छोटी नक्षी म्हणजे पुते. ती झाली की पेआ बंद. मी आत गेले नाही, दारातून आवाज ऐकत होते. टक् टक् टक्, मग शांतता, मग फडकं पिळल्याचा आवाज. आणि एकदम आतून सगळ्यांचा मोठा आरोळीसारखा हुंकार.

दुपारी सामांगा, म्हणजे पेआ पुरा झाल्याचा समारंभ. अंगणात मोठी ताडपत्री ताणली होती, चटया, फुलं. पोरगा फक्त लावालावात, तोही वर खोचलेला, म्हणजे पेआ पुरा दिसावा. पाठीवर होडी, तिच्या खाली वासे, मांड्यांवर जवळजवळ सगळं काळं आणि मधून मधून आपल्याच कातडीच्या रेषा सोडलेल्या. त्याच्या डोक्यावर अंडं फोडलं. मग खोबरेल आणि हळद त्याच्या अंगाला चोळली. हळद! खांद्यावरून, छातीवरून ओघळणारा तोच पिवळा रंग, तोच वास. बहिणीने माझा हात घट्ट धरला. दोघींनाही तिच्या हळदीचा दिवस आठवला, जिला मी पोचू शकले नव्हते.

मग तो उभा राहिला आणि बोलायला लागला, सामोअनमध्ये. सुरुवात स्पष्ट झाली. मामाचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. तिसऱ्या-चौथ्या वाक्याला तो अडला. कोणी शब्द पुरवला नाही. आजोबा काठीवर हनुवटी टेकून वाट बघत बसले. त्याने पुन्हा आधीचं वाक्य घेतलं आणि अडलेल्या जागेवरून पुढे गेला. फार लांब बोलला नाही. शेवटी आजोबांनी एक शब्द उच्चारला, ‘मालो’, शाब्बास.

जेवायला बसलो. मला वाटलं आज तरी त्याला बसवतील, निदान पाटावर, मानाने. दहा-बारा दिवसांच्या जखमा, नीट चालताही येत नव्हतं. पण वाढायला तोच उठला. आधी आजोबा, मग तुफुंगा, मग पाहुणे. अळूच्या पानांतली पालुसामी माझ्या ताटात त्याने वाढली. जेवण झाल्यावर हात धुवायचं पाणी आणि खांद्यावर टॉवेल घेऊन तो रांगेने येऊ लागला. माझ्यासमोर आला तेव्हा त्याला गुडघे वाकवणं जमेना, म्हणून मी उठायला लागले. त्याने मान हलवली. सावकाश, एक हात जमिनीला टेकून, तो खाली बसला आणि भांडं पुढे केलं. त्याच्या कोपरापर्यंत हळद होती. मी हात धुतले, त्याने टॉवेल दिला, आणि तो माझ्या शेजारी बसलेल्या भाचीकडे सरकला.